सोसवेल इतकं गरम

"सिस्टर, तुमची दुसरी चप्पल कुठाय?"

नव्या नर्सने विचारलं तेव्हा सिस्टर खिडकीशी उभी होती. तिने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडाच, घोट्यापर्यंत ओल्या वाळूने माखलेला.

"अंगठा तुटला," ती म्हणाली. "दिली फेकून वाटेत."

अंगठा वगैरे काही तुटला नव्हता. ओहोटी लागल्यावर ती वाळूवर एक फेरी मारून आली होती आणि चप्पल तिथेच कुठेतरी चिखलात रुतून राहिली होती. पायातून चप्पल निसटली, हे पायाला कळलंच नव्हतं.

सिस्टर खिडकी सोडून शेगडीपाशी गेली, किटलीचं झाकण उघडून बघितलं, परत खिडकीशी आली. सकाळपासून हेच चाललं होतं. पाय एका जागी ठरत नव्हते.

"बसा ना जरा," नवी म्हणाली. "तुमच्याकडे बघून मलाच धाप लागली."

"आज कुणीतरी येणार. पाणी फार तापलंय."

पाणी म्हणजे समुद्राचं. दवाखाना किनाऱ्याच्या टोकाला, दोन खोल्यांचा. समोर समुद्र असा उथळ की ओहोटीला पार नजरेआड जायचा आणि मागे घोटाभर कोमट पाण्याचे पट्टे सोडून जायचा. उन्हाळा चढला की त्या उबेला पाकटं यायची. ताटासारखा चपटा, वाळूच्याच रंगाचा मासा. अंगावर वाळू उडवून घेऊन असा पडून राहायचा की वर दिसायचे ते फक्त दोन डोळे आणि डोळ्यांमागची श्वासाची भोकं. भरतीला ही पाकटं वाळू उकरून शिंपल्या, खेकडे, किडे खायची. ओहोटी झाली की त्यांनी उकरलेले खळगे उघडे पडायचे. आज सिस्टरला ते जिकडेतिकडे दिसले होते.

पाकट कुणाच्या अंगावर धावून येत नाही. पण पाय नेमका त्याच्या पाठीवर पडला, तर शेपटी चाबकासारखी वर येते, आणि शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला विषारी काटा असतो. त्याची कळ डोक्यात जाते. मोठमोठे गडी आईच्या नावाने टाहो फोडतात. त्यावर पहिला उपाय गरम पाण्याचा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा, कळ उतरेपर्यंत. पाणी कोमट झालं की उपयोग नाही आणि जास्त झालं की पाय भाजतो. ज्याला आधीच प्राण कंठाशी आणणारी कळ आहे, त्याला भाजलेलं निराळं कळतही नाही. तेव्हा ते दुसऱ्या कुणाला तरी कळावं लागतं.

इतकी वर्षं ते सिस्टरच्या हाताला कळत आलं होतं. किनाऱ्यावरची माणसं तिला गरमपाणीबाई म्हणायची. महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा पाण्यात घालायची तापमापी आणून दिली, तेव्हा ती हसली होती. "बाळाला न्हाऊ घालताना आई तापमापी लावते का, डॉक्टर?" तापमापी तिने परत पाठवली. ते वाक्य घराघरांत गेलं होतं. तिलाही ते आवडायचं, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

आधी तळपाय बधिर झाले. जुना साखरेचा आजार, पायांचं तिने फारसं मनावर घेतलं नाही. मग गेल्या हिवाळ्यात शिवताना सुई बोटात गेली, आणि ते कळलं कापडावरच्या लाल ठिपक्यावरून. त्यानंतर तिने कोपर वापरायला सुरुवात केली. पडद्याआड बाही वर करून कोपर बुडवायची आणि मग बादली घेऊन बाहेर यायची. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काय, टेबलाशी बसून केसपेपर लिहीत राहायचं? घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं. जे काही होतं, ते त्या हातात होतं.

बाहेर गलका झाला. हातगाडी ढकलत शिंपलीवालीचा भाऊ आला. गाडीत शिंपल्यांच्या टोपल्यांमध्ये स्वतः शिंपलीवाली, एक पाय दोन्ही हातांनी धरून. मागे दहापाच बघे.

"गरमपाणीबाई! मेले हो मी!"

"मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत," सिस्टर म्हणाली. "आणा आत."

"टोपी उडाली हिची," भाऊ धापा टाकत सांगू लागला. "लागली धावायला तिच्यामागे. पाय घासत चाला, पाय घासत चाला, म्हणून सगळ्या जगाला शिकवते. वाळू हलली की पाकट आपणहून निघून जातं, म्हणते. आणि स्वतः..."

"नवी टोपी होती!" शिंपलीवाली ओरडली. "आई गं! तू गप्प बस रे!"

तिला बाकावर निजवलं. घोट्याच्या वर जखम होती, कडा फाटलेली. एरवी सिस्टर बोटाने चाचपून बघायची, काट्याचा तुकडा आत राहिलाय का. आज ती बाजूला सरकली.

"तू बघ गं," ती नवीला म्हणाली. "तुझे डोळे तरणे आहेत."

नवीने जखम धुऊन पाहिली. "नाही, काही दिसत नाही आत."

"मोठी होती, बाई," शिंपलीवाली दातांवर दात दाबत म्हणाली. "पोटुशी असणार. या दिवसांत पिल्लं घालायला येतात ना कडेला. तिची तरी काय चूक? माझ्यासारखी बया पाठीवर नाचली तर मीसुद्धा... आई आई आई!"

"बोल, बोलत राहा."

"आम्ही दोघी एकाच वाळूत शिंपल्या शोधतो. आज तिची पाळी होती वाटतं. अहो, पाणी आणा ना!"

सिस्टरने बादलीत गार पाणी घेतलं, वर किटली ओतली. पडदा धुवायला काढलेला होता. दारात माणसं, खिडकीत माणसं. बाही मनगटापर्यंत बटण लावून बंद.

"बघा आता," भाऊ दारातल्यांना म्हणाला. "बाईंच्या हातातच मोजमाप आहे."

तिने बोटं बुडवली. थांबली. बोटांनी काहीच सांगितलं नाही. पाणी ओलं आहे एवढंही धड नाही. बटण काढायला कितीसा वेळ लागला असता? पण सगळे बघत होते, आणि शिंपलीवाली कण्हत होती. सिस्टरने अंदाजाने किटली आणखी थोडी वाकडी केली. पुन्हा बोटं घातली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

पाय पाण्यात गेला आणि शिंपलीवालीने जी किंकाळी फोडली, तिने दारातली माणसं मागे हटली.

"ओरडू दे," कुणीतरी म्हणालं. "विष उतरतंय."

ती पाय वर ओढू लागली. तो खाली दाबून धरावा म्हणून भावाने बादलीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"अहो बाई! पाणी भाजतंय की!"

सिस्टरने दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाहेर घेतला. पोटरीच्या निम्म्यापर्यंत लालभडक, मोजा घातल्यासारखा. नवी धावली आणि पायावर गार पाण्याची धार धरली. फोड नव्हते, वेळेवर निघाला होता. भाऊ आपली बोटं फुंकत सिस्टरकडे बघत होता. रागाने नव्हे, नुसता गोंधळून.

"माझ्याकडून जास्त पडलं," नवी मान वर न करता म्हणाली. "किटली मी मघाशी फार तापवली."

दारातल्या एकाने सुटकेचा श्वास टाकला. "नवीन आहे पोर. चालायचंच."

सिस्टरने नुसतं गप्प बसायचं, की सगळं निभावलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "ओतलं मी. हात मी घातला." मग जरा थांबून, "हाताला कळत नाही मला आता. गरम नाही, गार नाही. बऱ्याच दिवसांपासून."

शिंपलीवालीने मान उचलून तिच्याकडे पाहिलं.

"दुसरी बादली घे," सिस्टर नवीला म्हणाली. "आणि तू घाल हात. नुसती बोटं नकोस बुडवू, मनगटापर्यंत घाल. काढून घ्यावासा वाटला पाहिजे, पण ठेवता आला पाहिजे. घाईने ठरवू नकोस."

नवीने हात घातला. तिच्या कपाळावर आठी पडली. "थोडं कमी वाटतंय."

"मग घाल आणखी. जपून."

"आता... आता आहे बघा."

"तुला खात्री आहे?"

"हो."

"मग मला विचारू नकोस. ठेव पाय. आणि पाण्यावर लक्ष ठेव, निवत जाईल." मग हळूच, "डॉक्टर आले की मी सांगेन त्यांना. तू मधे पडू नकोस."

तिला करायला काही उरलं नव्हतं. आजवर ती नेहमी बादलीपाशी उकिडवी बसलेली असायची. आज ती उशाशी स्टूल ओढून बसली. शिंपलीवालीने आधार शोधत हात पुढे केला, तिचा हात पकडला आणि डोळे मिटून आवळला. कळ आली की आवळायची, सरली की सैल सोडायची. दारातली माणसं एकेक करून पांगली. भाऊ टोपल्या सावलीत ठेवायला गेला. नवी मधूनमधून पाण्यात हात घालत होती, किटली वाकवत होती, आणि कुणाला काही विचारत नव्हती.

बऱ्याच वेळाने शिंपलीवालीचा श्वास संथ झाला. तिने डोळे उघडले, आपल्या मुठीकडे पाहिलं आणि ओशाळली.

"अगंबाई! नखं किती रुतली माझी. दुखलं का हो?"

सिस्टरने वाकून पाहिलं. हाताच्या पाठीवर नखांच्या चार कोरी उमटल्या होत्या. एकीतून रक्ताचा बारीक थेंब वर आला होता.

"थोडंसं," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.