देलूचं उखळ

माझे कान तिखट आहेत, हे मी आयुष्यभर मिरवत आले. अंगणात बसल्या बसल्या मी सांगू शकते, आज कुणाकडे बाजरी कांडली जातेय, किती कांडली जातेय आणि सुनेचं सासूशी वाजलंय का. भांडून आलेली बाई मुसळ जोरात घालते. गाव हसायचं, पण माझं म्हणणं खरं निघायचं.

त्या वर्षी पावसाच्या तोंडी मराडी शहरातून मदतवाले आले. शेतात बाजरी गुडघ्याएवढी आणि कणग्या रिकाम्या, असे आमच्याकडचे ते दिवस. त्यात मागचं पीक टोळांनी नेलं होतं. कापणीपर्यंत घरटी पैसे मिळणार होते, पण चाळीसच घरांना, आणि गावात घरं तिप्पट. कुणाची नावं घालायची ते गावानंच ठरवायचं होतं. मुखियाच्या अंगणात कडुनिंबाखाली सगळे जमले. बायकांच्या बाजूनं आम्ही तिघी पंच.

घरात धान्य नाही हे तुम्हाला कसं कळतं, असं त्यांच्यातल्या एकानं विचारलं.

"त्यात काय, उखळ सांगतं," मी म्हणाले. "ज्याचं दोन वेळा वाजतं त्याचं बरं चाललंय. एक वेळ वाजतं त्याची ओढाताण आहे. ज्याचं वाजतच नाही, त्याचं नाव आधी लिही."

लोक हसले, पण पटलं सगळ्यांना. त्या माणसानं ते लिहूनसुद्धा घेतलं आणि मी फुगले. आमच्याकडे तेव्हा एक वेळ वाजायचं. आमचं नाव यादीत गेलं.

देलू माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा सानी दोन वर्षांपूर्वी कामासाठी वाळवंटापलीकडे लिबियाला गेला तो गेलाच. पदरात दोन पोरं, सासू वारलेली. तिचं नाव निघालं तेव्हा दोघंतिघं म्हणाले, घाला, बाई एकटी आहे. मी मात्र सांगितलं की तिचं उखळ सकाळ-संध्याकाळ वाजतं, मी रोज ऐकते. वर जिभेला हाड नाही म्हणून हेही बोलले, "सानीला लिबियात खजिना लागला वाटतं. उखळ पांढरं झालंय बाईचं."

देलू मागे बसली होती. तिला विचारलं तर खाली बघत म्हणाली, "अल्लाची कृपा आहे. चाललंय." तिच्या जागी दुसरं नाव गेलं.

खरं सांगते, मला तिचा राग यायचा. माझी सून पसाभर बाजरी दिवसभर पुरवायची आणि पलीकडे धपाधप चाललेलं. मी भिंतीवरून टोमणा मारायचे, अगं हात तुटेल, थोडं आम्हालाही ठेव. गाव मला इन्ना म्हणतं. ती हसून म्हणायची, ये ना इन्ना, बाजरीचा फुरा प्यायला ये. मी कधी गेले नाही. टंचाईत दुसऱ्याच्या घरी जेवणाच्या वेळेला जायचं नसतं, ही आमची रीत.

महिन्याभरानं एका सकाळी मी टाकळ्याचा पाला निवडत होते. देलूचं उखळ वाजत होतं. माझ्या चार कोंबड्या पायाशी माती उकरत होत्या. थोड्या वेळानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एका घरी मुसळ सुरू झालं आणि चौघी तिकडे पळत सुटल्या. कांडण झालं की कोंडा पाखडतात, हे कोंबडीला शिकवावं लागत नाही. मग देलूकडे का जात नाहीत? मधली भिंत तर ढासळलेली, एक उडी मारली की पलीकडे. शेवटच्या कधी गेल्या होत्या ते आठवायला लागले. आठवेना.

मी पाला टाकून भिंत ओलांडली. देलू मुसळ धरून उभी होती. उखळात गेल्या वर्षीची दाणे झडलेली कणसं होती, पाण्यात भिजवलेली. तीच ती, रोज. चुलीवर नुसता टाकळा शिजत होता.

कशासाठी गं, मी विचारलं.

"उखळ गप्प राहिलं तर लोक म्हणतील, ह्यांनी बायकोला उपाशी टाकलं." मग मुसळ भिंतीला टेकवून ती म्हणाली, "तुझे कान तिखट, इन्ना. तुझ्यासाठी जरा जोरात घालत होते."

थोरला चटईवर पडला होता. तीन वर्षांचा, हात काटकीसारखे आणि पावलं सुजलेली. आमच्याकडे आई पहिल्या लेकराचं नाव घेत नाही, चारचौघांत त्याला जवळ घेत नाही. लाज असते ती. त्याचं दुखलंखुपलं आजीनं बोलायचं, आजी नसली तर शेजारच्या म्हातारीनं. म्हणजे मीच.

मी त्याला पाठीशी बांधलं. दवाखाना दोन गावं पलीकडे, देलू धाकटीला घेऊन मागून चालत होती. पाठीवर ओझं असं काही नव्हतंच. नर्सनं दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, ती लालवर आली, म्हणजे उपासमार जिवावरची. नाव काय, तिनं आईला विचारलं. देलूनं तोंड फिरवलं. मी सांगितलं, लवाली. तीन दिवस त्याला औषधी दुधावर ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला.

गावात आणल्यावर पुरुषांनी त्याला उचललं. बायका कब्रस्तानात जात नाहीत. आम्ही देलूभोवती दारातच होतो. ते वळणाशी पोचले तेव्हा ती म्हणाली, "लवाली." मोठ्यानं नाही, मूल घरात बोलवावं तेवढंच. तिला कुणी गप्प केलं नाही. रीतीला धरून बसणाऱ्या म्हाताऱ्यांनीही माना खाली घातल्या.

मी मुखियाकडे जाऊन सांगितलं, माझं नाव खोडा, तिचं घाला. आता काय उपयोग, असं तो म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं. धाकटी आहे अजून, मी म्हणाले. नाव बदलायला आणखी एक महिना गेला.

पैसे मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देलूचं उखळ वाजलं. जड, भरलेला आवाज. इतके दिवस मी ऐकत होते तो हा नव्हताच. चाळीस वर्षं बाजरी कांडलेल्या बाईला हा फरक कळू नये? की कळला होता आणि रागानं कळू दिला नाही? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या चारही कोंबड्या उठल्या आणि भिंतीवरून उड्या मारून पलीकडे गेल्या.

"इन्ना, तुझ्या कोंबड्या इकडे आल्यात," देलूनं हाक दिली.

राहू देत, मी म्हणाले.