मंजाच्या ताब्यातली बोट

मी एक जुनी मोटारबोट आहे. बोर्निओतल्या एका नदीच्या चिखलात रुतून पडले आहे. माझे बूड कुजले, पण राग काही गेलेला नाही.

मित्रांनो, लिंग नावाच्या चिनी सुताराने मला चिवट लाकडातून घडवले. मी दवाखान्याची बोट होते. सुकाणूवर सुहैली हा मलाय नावाडी असे. इथे सारे गाव उंच खांबांवरच्या एकाच लांब छपराखाली राहते. माझा आवाज आला की बायका कापणी टाकून धक्क्यावर धावत.

मग इंग्रजांनी वसाहतीला नवी राज्यघटना दिली. लोकांना पहिल्यांदाच मत मिळाले. त्यांनी रबराचा चीक काढणाऱ्या लायांगला निवडले आणि मंजा नावाच्या व्यापाऱ्याला पाडले. पण त्याच घटनेने गव्हर्नरला आपल्या पसंतीची माणसे नेमायचीही मुभा ठेवली होती. त्याने मंजालाच कार्यकारी मंडळावर घेतले. नदीवरचे दवाखाने मंजाकडे आले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

मंजा सत्कार घ्यायला थेट लायांगच्याच गावी आला. धक्क्यावर सारे उभे होते, पण माझा दोर कोणी धरला नाही. लायांगची आई सावाई म्हणाली, "तुला आम्ही घरी बसवलं होतं. उठवलं कुणी?"

"गव्हर्नरसाहेबांनी."

"मग जेवायलाही त्यांच्याकडंच जा."

लोक हसले. त्या धक्क्यावर मी थांबायचे नाही, असा हुकूम मंजाने परत जातानाच सोडला.

पुढे एका पावसाळ्यात मंजा माझ्यातून चालला होता. सावाई काठावरून हात करू लागली. तिची सून हिवतापाने फणफणली होती. मंजाने बोट सरळ न्यायला सांगितले. पण सुहैलीने सुकाणू काठाकडे फिरवले. त्याने मला काठाला लावले, औषधांची पेटी उचलली आणि तो वर गेला.

पावसाचा जोर वाढला, तसा मंजाही चिखल तुडवत घरापाशी आला. इथे दारी आलेल्या वैऱ्यालाही कोणी परतवत नाही. तरी सावाईने खाचा पाडलेल्या ओंडक्याची शिडी स्वतः वर ओढून घेतली.

"गोळ्या सुहैलीनं आणल्या," ती म्हणाली. "तू तर पुढं निघाला होतास ना? जा की."

सून वाचली. सुहैलीची नोकरी गेली. मंजाच्या नव्या नावाड्याने मला खडकावर घातले आणि तिथल्याच चिखलात सोडून दिले.

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझी कीवही करू नका. तुमच्या गावची बोट कोणाच्या हाती जाते, तेवढे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ज्याला तुम्ही निवडलेले नसते, त्याला तुमचा काठ दिसत नाही.