चौथ्या दिवसाची बातमी

उम्म रहमाने पेला हातात घेतला, वाफ नाकाशी येऊ दिली आणि न पिता समोरच्या चटईवर ठेवून दिला.

ईसा बिन दर्विशच्या हातातली कॉफीची किटली तशीच अधांतरी राहिली. पाहुण्याने असा पेला खाली ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि "पी, तुझं काम झालं" हे यजमानाच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो त्याला हात लावत नाही. पण ही पाहुणी नव्हती. ईसाची आई त्याला जन्म देऊन आठवड्यात वारली, तेव्हा हिनेच त्याला आपल्या मुलाबरोबर, रहमाबरोबर, अंगावर पाजलं होतं. या घरात ती कॉफी मागून पीत असे, आणि बिघडली असली तर तसं तोंडावर सांगत असे.

"यम्मा, हे काय? माझ्या घरात पेला खाली ठेवतेस?"

"ठेवला."

"हुकूम कर की. मागतेस कशाला?"

"हुकूम तुला साहेब करतो, लेकरा. मी मागायला आलेय." तिने धुरकट झालेले डोळे दाराकडे वळवले. समुद्र तिला दिसत नव्हता, पण पहाटेपासून गावासमोर उभ्या असलेल्या जहाजाच्या कोळशाचा वास येत होता. "आज तो खाली उतरणारे म्हणे. त्याला सांग, त्या माणसाची सांडणी हरवली होती. तेवढंच सांग. जास्त नको."

ईसाने किटली निखाऱ्यावर ठेवली.

नऊ वर्षं तो इंग्रजांचा बातमीदार होता. दर आठवड्याला एक पत्र गलबतावरून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या साहेबाकडे जाई. शेखाकडे कोण आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, कुठला बुरूज कोण दुरुस्त करतंय, असं सगळं त्यात असे. गावात हे लपलेलं नव्हतं. तो बैठकीत शिरला की लोक वाऱ्यापावसावर येत. शेखाचा कॉफीवाला सुरूर तर उघड म्हणे, "आले सरकारचे कान. लिहून घ्या, आज माझ्या किटलीत माशी पडली. माशीचं नाव कळलं की सांगतो." ईसाही हसे. आपण कुणाचं वाईट लिहीत नाही, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो, अशी त्याची समजूत होती आणि ती बहुतेक खरीही होती.

गेल्या वर्षी खजूर उतरत असताना आतल्या वाळवंटातून, नजदकडून, एक माणूस रहमा नाखव्याच्या दारी उतरला. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव, येण्याचं कारण विचारायचं नसतं. रहमाने विचारलं नाही. त्याच्या बैठकीत रोज बसणाऱ्या ईसानेही विचारलं नाही. पण टपालाचं गलबत दुसऱ्याच दिवशी सुटणार होतं. साहेबाकडून आदल्याच महिन्यात बोलणी आली होती की तुमच्या पत्रांत वाऱ्याशिवाय काही नसतं. ईसाने लिहिलं: नाखवा रहमा बिन खल्फान याच्याकडे नजदचा एक मनुष्य मुक्कामी आहे. येण्याचा उद्देश समजला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाहुण्याने तोंड उघडलं. त्याची सांडणी चुकली होती, डाव्या मांडीवर दोन डाग, कुणी पाहिली का. "अरे बाबा, तीन दिवस जेवलास, तोवर ती मक्केला जाऊन आली असेल," रहमा म्हणाला, आणि सगळी बैठक हसली.

त्यानंतरच्या पत्राच्या कच्च्या मसुद्यात ईसाने ती सांडणी लिहिली होती. पण पक्की प्रत करायच्या आधी साहेबाचं उत्तर आलं. त्या दिवसांत साहेबलोकांना नजदवाल्यांच्या कारस्थानांची फार धास्ती होती. उत्तरात होतं, बातमी उपयुक्त आहे, असंच लिहीत जावं. नऊ वर्षांतली ती पहिली शाबासकी. ईसाने ते उत्तर दोनदा वाचलं आणि पक्की प्रत करताना सांडणीची ओळ गाळली. पुढच्या आठवड्यात लिहू, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात जहाज आलं. रहमाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत म्हणून वर बोलावलं. तो खाली उतरला नाही. हिंदुस्थानात कुठेतरी कैदेत ठेवलाय, एवढंच नंतर कळलं.

"मी पडद्यामागे होते त्या सकाळी," उम्म रहमा म्हणाली. "चौथ्या दिवशी. सगळे हसले तेव्हा तूही हसलास. तुझं हसणं मला ओळखू येतं, तू दात यायच्या आधीपासून हसतोयस माझ्यापुढे."

ती हे अकरा महिने जाणत होती, आणि अकरा महिने त्याच्या घरी येऊन कॉफी पीत होती.

"पी, यम्मा," शेवटी तो म्हणाला. "तुझं काम झालं."

तिने चाचपून पेला उचलला, एका घोटात संपवला आणि पुरे म्हणून हलवला. "वेलची जास्त झालीय," ती म्हणाली. उठताना तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

ती गेल्यावर ईसाने पत्र्याची पेटी उघडून तळाचा कागद काढला. सांडणीची ओळ तशीच होती, दोन डागांसकट. असा कागद दाखवणं म्हणजे नोकरी घालवणं. त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

शेखाच्या बैठकीत दुपारपर्यंत साहेब आणि शेख खजुराच्या पिकाबद्दल बोलत राहिले. सुरूरने ईसाला पेला देताना डोळे मिचकावले. "माशीचं नाव कळलं नाही अजून," तो पुटपुटला. ईसाने मान हलवली.

साहेब परतीच्या होडीकडे निघाला तेव्हा ईसा वाळूतून त्याच्या मागे गेला आणि कागद पुढे केला. साहेबाला अरबी उत्तम येत असे, फक्त ते पुस्तकातलं होतं. त्याने उन्हात उभं राहून ओळ वाचली.

"हा मजकूर कोणत्या दिवसाचा आहे?"

"चौथ्या दिवसाचा."

"मग तो पत्रात का आढळत नाही?"

ईसाने वाटेत उत्तर तयार केलं होतं. कागद कमी पडला, गलबताची घाई होती. त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघालं नाही. "आपण शाबासकी दिली होती," तो म्हणाला.

साहेबाने कागदावरून नजर वर केली. तरुण माणूस होता, नाक उन्हाने सोललेलं. मग त्याने कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि परत दिली.

"तो नाखवा रमजानपूर्वीच मरण पावला. ज्वर होता. आपणांस हे ठाऊक असेल, असे मी समजत होतो. बातम्या तर आपणच देता."

होडीवाले कमरेइतक्या पाण्यात उभे होते. साहेब त्यांच्या खांद्यांवर हात टाकून चढला. बसल्यावर त्याला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं असावं. "पुढील पत्र वेळेवर येऊ द्यावे," तो म्हणाला.

ईसा तिथून थेट उम्म रहमाकडे गेला. तिने झावळ्यांच्या त्या घरापुढचं अंगण झाडून घेतलं होतं, आणि रहमाची चटई उन्हात घातली होती. पाऊल ओळखलं तरी तिने काही विचारलं नाही. आधी कॉफी. ती आवाजावरून ओतत असे. पेला किती भरला हे तिला कानाने कळे.

ईसाने पेला घेतला. तो तोंडाकडे नेला, मग खाली चटईवर ठेवला.

उम्म रहमा घोटाच्या आवाजाची वाट पाहत होती. "गार झालीय?"

"नाही."

"मग?"

तिने हात पुढे करून चटई चाचपली, पेला सापडला. बोट आत घालून पाहिलं. कॉफी काठोकाठ होती. बोट भाजलं असणार, पण तिने ते लगेच बाहेर काढलं नाही. तिचं काम करून आलेल्या माणसाला तिच्याकडे मागण्यासारखं काय असेल, याचा तिने थोडा वेळ विचार केला.

"कधी?" तिने विचारलं.

"रमजानच्या आधी. तापाने."

"कबर कुठेय?"

"मी विचारलं नाही, यम्मा."

"नऊ वर्षं गावभर विचारत फिरलास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वेलची जास्त झालीय म्हणाली होती, त्याच आवाजात ती हे म्हणाली.

बाहेर जहाजाने भोंगा दिला. उन्हातली रहमाची चटई वाऱ्याने थोडी उचलली गेली आणि पुन्हा पडली. ईसा मान खाली घालून बसून राहिला. "पी" हा माफीचा एकच शब्द यायचा होता, आणि तो मागायचा नसतो.

उम्म रहमाने पेल्यावर तळहात ठेवला, माशी बसू नये म्हणून ठेवतात तसा, आणि कॉफी पार गार झाली तरी तिने हात उचलला नाही.