डावीकडचा खालचा खण

कॉलेजात सगळे त्यांना रजिस्ट्रारसाहेब म्हणत, पण ते तोंडावर. पाठीमागे त्यांचं नाव 'बघूया' होतं आणि ते प्राध्यापकांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी अर्ज घेऊन आलं की साहेब तो नीट वाचत, चष्मा काढत, "बघूया" म्हणत आणि कागद टेबलाच्या डावीकडच्या खालच्या खणात टाकत. नाही म्हणून त्यांनी कधी कुणाला दुखावलं नव्हतं. हो म्हणून कुणाला सुखावलंही नव्हतं, पण ते इतकं कुणाच्या लक्षात येत नाही.

यामागे त्यांचा एक सिद्धांत होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. कागद तीन महिने खणात पडून राहिला, की शंभरातल्या ऐंशी जणांचा प्रश्न आपोआप सुटतो, असं ते हाताखालच्या लोकांना शिकवत. माणूस कंटाळतो, दुसरी वाट काढतो, नाहीतर कॉलेज सोडून जातो. "सुटला ना प्रश्न?" असं विचारून ते स्वतःच हसत. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर कागद साचलेला कुणी पाहिला नव्हता. पाहुण्यांना ते लख्ख टेबल मुद्दाम दाखवलं जाई.

आता महिनाअखेरीला साहेब निवृत्त होणार होते आणि त्याच दिवशी कॉलेजची नवी इमारत उघडायची होती. तीन मजले, काचेचे दरवाजे, लिफ्ट. सगळं ऑफिस तिकडे हलणार होतं. नव्या टेबलांची मापं घ्यायला सुतार आला, तेव्हा साहेबांनी त्याला बजावलं, की रजिस्ट्रारच्या टेबलाचा डावीकडचा खालचा खण जरा खोल कर. त्यांच्या जागी बसणारा उपरजिस्ट्रार तेव्हा शेजारीच उभा होता. आठ वर्षं साहेबांच्या हाताखाली तयार झालेला गडी तो. दोघंही मनापासून हसले.

मग ती यादी आली. जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम हेडक्लार्क बाईंकडे होतं. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक रजिस्टरात नंबर पडतो, आणि निकाल लागल्यावर किंवा प्राचार्यांकडे जाताना त्याची जावक रजिस्टरात नोंद होते. दोन्ही रजिस्टरं एकमेकांशी ताडून पाहिल्यावर संगणकाने आत आलेले पण कधीच बाहेर न पडलेले दोनशे सोळा कागद लाल अक्षरांत काढून दाखवले. बाईंनी यादी साहेबांपुढे ठेवली आणि सांगितलं, की नव्या इमारतीत जायच्या आत प्रत्येक नंबरापुढे काहीतरी शेरा लागेल. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. साहेबांना मात्र पंख्याखाली घाम फुटला.

जेवणाच्या सुट्टीत दार लोटून त्यांनी खण रिकामा केला. सायकल स्टँडवर छप्पर हवं. माळ्याला हातमोजे हवेत. प्रयोगशाळेच्या खिडकीला काच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. हा अर्ज ओळीने पाच वर्षं आलेला, दर वर्षी वेगळ्या अक्षरात. सगळ्यांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत 'बघूया' आणि खाली सही. सुरुवातीला साहेबांना हसू येत होतं. कडीच्या पाचव्या अर्जापाशी ते मावळलं. आणि अगदी तळाशी, फळीला चिकटून बसलेला नंबर चारशे बारा निघाला.

तो त्यांनी न वाचताच ओळखला. एकोणीस वर्षांपूर्वी एक विद्यार्थी चाकाच्या खुर्चीतून कॉलेजात यायचा. लहानपणीच्या आजारात पाय गेलेले, पण गणितात पहिला. गणिताचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरे. तो खाली आणावा, एवढीच चार ओळींची विनंती होती. खाली एकच मोठी खोली होती, भूगोलाच्या नकाशांची, आणि तिथले प्राध्यापक महाभांडकुदळ. त्यांच्या तोंडी कोण लागणार? साहेबांनी 'बघूया' लिहिलं. वर्गातली पोरं त्याला खुर्चीसकट उचलून वर नेऊ लागली. दोन महिने नेलं. एके दिवशी जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. फारसं लागलं नाही, पण अख्खं कॉलेज बघायला गोळा झालं, आणि त्यानंतर तो पोरगा पुन्हा आला नाही.

तो पोरगा म्हणजे हेडक्लार्क बाईंचा धाकटा भाऊ. बाई तेव्हा हंगामी कारकून होत्या, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. अर्जाचं काय झालं, हे त्यांनी एकदाच विचारलं. साहेबांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, की मी स्वतः तो प्राचार्यांकडे नेला, दोनदा भांडलो, पण ते ऐकेनात. तेव्हाचे प्राचार्य इतके करारी, की त्यांना जाऊन विचारायची कुणाची छाती नव्हती. पुढे ते वारलेही. बाई म्हणाल्या होत्या, "बरं सर." पुढच्या वर्षी साहेबांनी बाईंना कायम करण्याचा प्रस्ताव चार दिवसांत मंजूर करून आणला. त्यांच्या हातून इतक्या झटपट सुटलेला तो एकमेव कागद. तेवढ्याने भरपाई झाली, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

साहेबांनी चारशे बाराची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली. बाकीच्या दोनशे पंधरा कागदांवर शेरे लिहून ते बाईंकडे पाठवले. एक नंबर राहिल्याचं बाई बोलल्या नाहीत, आणि साहेबांनीही विषय काढला नाही.

फाडून टाकणं सोपं होतं. रोज संध्याकाळी घरी जाताना ते ठरवत, आणि रोज तो कागद खिशातच राही. आवक नंबर पडलेला कागद फाडायचा, हे त्यांच्या हाताला जमेना. खोटं बोलायला जमलं होतं, कागद फाडायला जमेना, आणि असल्या कसल्या आपल्या निष्ठा, म्हणून ते स्वतःशीच कानकोंडे झाले. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "अहो, खिशात एवढं काय जपताय?" ऑफिसचं आहे, म्हणून ते तिच्यावर खेकसले. याच बायकोला त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी जेवताना प्राचार्यांशी दोनदा भांडल्याची गोष्ट रंगवून सांगितली होती आणि तिने कौतुकाने त्यांना आग्रह करकरून वाढलं होतं. आता त्यांना त्या घासांचीही लाज वाटली.

निरोपाचा कार्यक्रम नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होता. भाषणं नेहमीचीच झाली. साहेबांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही, हे तिघांनी सांगितलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी दबक्या आवाजात "बघूया" म्हटल्यावर हशा पिकला. साहेबही हसले. इतक्यात लिफ्टचं दार उघडलं आणि चाकाची खुर्ची स्वतः ढकलत बाईंचा भाऊ आत आला.

अडतीस वर्षांचा झाला होता, कपाळ मोठं झालं होतं. कॉलेजातल्या निम्म्या पोरांचं गणित आता त्याच्या घरच्या तळमजल्यावरच्या खोलीत सुटतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरांनी त्याला बघून बाकं सरकवली. त्याने माइक मागून घेतला. आज दुसऱ्या मजल्यावर कुणाला न उचलायला लावता आलो, असं तो म्हणाला, आणि मग साहेबांकडे वळला.

"माझं काम तेव्हा झालं नाही. पण सर माझ्यासाठी दोनदा भांडले होते. मी घरी पडून होतो, पुस्तक हातात धरवत नव्हतं, तेव्हा मला तेवढंच पुरलं."

टाळ्या थांबेनात. साहेबांना वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. ते उत्तराला उभे राहिले, हात आपोआप आतल्या खिशाकडे गेला, कागदाची कड बोटांना लागली. आता बोल, आत्ताच बोल, असं ते स्वतःला सांगत होते. तिसऱ्या रांगेत बाई बसल्या होत्या. टाळ्या न वाजवता त्या त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. साहेबांनी आभार मानले, इमारत छान झाली आहे म्हणाले आणि बसले. साहेबांचा गळा दाटून आला, असं लोकांना वाटलं. पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापिकेने डोळे टिपले. ते बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच वाजता त्यांनी जुन्या ऑफिसात कार्यभार सोपवल्याच्या कागदावर सही केली. उपरजिस्ट्रार किल्ल्या घेऊन नव्या इमारतीत गेला. खोलीत उघडी कपाटं राहिली आणि यादी घेऊन उभ्या असलेल्या बाई.

"सर, चारशे बारा राहिलाय."

साहेबांनी कागद काढून टेबलावर ठेवला. घडी उलगडून तो बाईंकडे सरकवला.

"बाई, हा वर गेलाच नव्हता. मी प्राचार्यांकडे गेलोच नाही. भांडलो वगैरे सगळं खोटं."

"माहीत आहे."

"कसं?" साहेबांनी विचारलं.

"जावकचं रजिस्टर माझ्याकडे होतं सर," बाई म्हणाल्या. "प्राचार्यांकडे जाणारा एकेक कागद माझ्या हातून नोंद होऊन जायचा. तुम्ही हातात घेऊन निघालात, तरी आधी माझ्याकडे सहीला थांबायचात. हा कधी आलाच नाही."

एवढी साधी गोष्ट. एकतीस वर्षं आवक-जावक कोळून प्यायलेल्या माणसाला खोटं बोलताना तेवढीच सुचली नव्हती. बाईंच्या टेबलासमोरून एकोणीस वर्षं ते रोज ताठ मानेने ये-जा करत होते, आणि रोज बाईंना माहीत होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग तुम्ही बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणीच विचारायला नको होतं असं त्यांना वाटलं.

"मी हंगामी होते," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, की भाऊ खालीच असेल, मी आत्ता जाऊन त्याला खरं सांगतो.

"नको." बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तीन दिवस तो जेवला नव्हता. काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुमचंच खोटं त्याला नेऊन सांगितलं. कुणीतरी आपल्यासाठी भांडलं, या एका गोष्टीवर तो पुन्हा पुस्तकाला लागला. आता तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. ते खोटं आता तुम्हीच सांभाळा."

बाईंनी तो कागद फाइलला लावला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'निर्णय घेतला नाही' असं लिहिलं. मग त्यांनी सांगितलं, की भाऊ नव्या इमारतीत खाली लिफ्टपाशी थांबलाय, त्याचं तुमच्याकडे काम आहे.

तो खरंच थांबला होता. मांडीवरच्या पाकिटातून त्याने एक अर्ज काढला. पदवीची दोन वर्षं राहिली होती, ती पुरी करावी म्हणतो, आता लिफ्ट आहे, असं तो काहीसं लाजत म्हणाला. जुना प्रवेश पुढे चालू करायचा तर रजिस्ट्रारमार्फत प्राचार्यांकडे जावं लागतं. साहेबांनी त्याला सांगितलं, की पाच वाजता कार्यभार गेला, आता माझ्या सहीला काही किंमत नाही.

"सही राहू दे सर. तुम्ही नुसता नेऊन द्या. मागेही तुम्हीच नेला होता."

साहेबांनी मान खाली घातली आणि अर्ज घेतला. लिफ्टचं बटण कुठलं, हे त्यांना क्षणभर सुचेना. त्यानेच वाकून दाबून दिलं.

पहिल्या मजल्यावर नवा रजिस्ट्रार नव्या टेबलामागे बसला होता. साहेबांना बघून तो लगबगीने उठला, त्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, शेवटपर्यंत नीट वाचला. चष्मा काढला.

"बघूया सर," तो म्हणाला, आणि त्याचा डावा हात खाली गेला. नवा खण अजिबात आवाज न करता उघडला. चांगला खोल होता. आत अजून एकही कागद नव्हता.

"त्यात नको टाकूस," साहेब म्हणाले.

त्याला वाटलं, साहेब गंमत करतायत. "सर, तुम्हीच तर शिकवलंत. तीन महिने."

"हो. मीच शिकवलं." साहेबांनी हात पुढे करून अर्ज परत घेतला आणि टेबलासमोरची खुर्ची ओढली. एकतीस वर्षांत टेबलाच्या या बाजूला ते कधी बसले नव्हते. अर्ज त्यांनी गुडघ्यांवर धरला, दोन्ही हातांनी, लोक धरतात तसा. "याला नंबर पाड. जावकला नोंद कर. मग मी तो वर घेऊन जातो."

"आत्ता? सर, सगळे वर चहा घेतायत. प्राचार्यही."

"मी थांबतो," साहेब म्हणाले. "खाली तोही थांबलाय."