कॅलेंडरात बसणारी तारीख

भोंगा ऐकून दामिनी काम टाकून नदीकाठावर आली. संध्याकाळी धरणाची दारं उघडणार, नदीतल्यांनी वर यावं, असं ओरडत ग्रामपंचायतीची गाडी गावभर फिरत होती. सगळे काठावर आले. तिचा बाप तुलाराम मात्र अजून खाली, वैनगंगेच्या रेतीत, टरबुजांच्या वाडीतच.

"आयकत नाहीत तुहे बाबा," आई निर्मलाबाई रडकुंडीला आली होती. "म्हणतात, पोरीनं वीस तारीख पाठवली, मंग आज कायचं पाणी?"

आता बोला! ती वीस तारीख दामिनीनंच पाठवली होती. पाणी कधी सुटणार हे शेतकऱ्यांना कळवणारं ॲप तिची कंपनी बनवत होती, आणि घरी बसून ते तपासायचं काम हिच्याकडे. तपासायला मशीन वाटेल त्या तारखा काढायची. अट एकच, तारीख कॅलेंडरात असली पाहिजे. मेसेज पोहोचतो का हे बघायला खरा फोन हवा, म्हणून हिनं बापाचाच नंबर टाकला. एकतीस फेब्रुवारी आली असती तर म्हातारा हसला तरी असता. मेसेजातल्या तारखेला पाणी आलं नाही की म्हणायचा, साहेबानं पुढं ढकललं असंल. गावभर पोरीचं कौतुक मिरवायचा, आणि हिलाही ते गोड लागायचं. खरं सांगायला जीभ रेटली नाही. भोगा आता!

फोन लागेना, आणि संध्याकाळ तर झालीच होती. ती रेतीतून धावत सुटली. पाय रुतत होते, पलीकडची धार रुंद झाल्यासारखी दिसत होती. भीतीनं तिला रडूही येईना.

"बाबा, चला जी. पाणी सुटून राहिलं."

"वीस तारीख हाये. तूच त पाठवली."

"ते खोटं हाये. मशीन कोणतीबी तारीख काढते, तपासासाठी."

"सगळ्याच खोट्या?"

"सगळ्याच."

तुलाराम हातातली बादली टाकून काठाकडे निघाला. दोघं काठावर चढले तोवर वाडीत पाणी शिरलं होतं.

त्यानं खिशातला फोन तिच्या हातात दिला. "तुह्या ॲपातून माहा नंबर काढून टाक."

"बाबा, पुढच्या महिन्यापासून खऱ्या तारखा येतीन."

"खरी कोणती, हे मले कसं समजंल?"

पाणी उतरलं की बाप पुन्हा त्याच रेतीत वाडी लावणार, हे मात्र दामिनीला पक्कं ठाऊक होतं.