वळवणारी मांडणी

चिंचोका एका बाजूने किंचित चपटा असतो. त्यामुळे दोन सेंटिमीटरच्या चौकटीत ठेवला, की घरंगळत नाही.

दूध संस्थेच्या खोलीत रुक्मिणीने खडूने अशा चौकटी आखल्या होत्या. ती संस्थेची सचिव. मागच्याच खोलीत एकटी राहायची. सलग दुसऱ्या कोरड्या वर्षी गावाचे दूध एका कॅनवर आले होते आणि दुपारी धारूरच्या डोंगरावरचा वारा तेवढा आत येई. खेळाचा नियम साधा होता. भोवतीच्या आठ घरांत दोन किंवा तीन चिंचोके असतील तर मधला राहतो, नाहीतर उचलायचा. रिकाम्या घराभोवती नेमके तीन असतील तर तिथे नवा ठेवायचा. एवढ्यावर पाच चिंचोक्यांचा एक पुंजका तिरपा चालत जातो, ढगाच्या सावलीसारखा. वाटेत काही आडवे आले, की बहुधा दोन्ही विस्कटतात. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या तिच्या सरांनी मात्र कागदावर एक मांडणी पाठवली होती. ती पुंजक्याला काटकोनात वळवते आणि स्वतः पुन्हा जशीच्या तशी होते, असे त्यांचे म्हणणे. रुक्मिणीला ते पटत नव्हते.

धाकटी बहीण भिवरा आली, तेव्हा पुंजका मांडणीत शिरला होता. उद्या ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघणार होता. भिवराची सासू वारल्यापासून तिची मुलगी मंजुळाही दर दसऱ्यानंतर आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायची, पाचटाची कोपी आणि धाकट्या भावाला सांभाळायला. दोन वर्षे तिची अर्धी शाळा बुडाली होती. यंदा सातवी. दोन्ही वर्षे रुक्मिणीच्या ओठांवर आलेले वाक्य मागे फिरले होते. या खोलीतल्या एकटीच्या घडीत दुसरे माणूस आले, तर आपण कुठे उरू, याची तिला भीती वाटे.

मांडणी फिसकटत चालली. मोजण्यात चूक झाली असे वाटून तिने सगळे गोळा करायला हात नेला.

"बरंय आक्का तुझं," भिवरा उंबऱ्यात टेकत म्हणाली. "एवढं शिकून चिंचोके खेळती. आता काहून मोडती? खेळ की पुढं."

रुक्मिणी पुढे मोजत राहिली. ऊन उंबऱ्यावरून आत सरकले. एकेक चिंचोका आपल्या जागी परतला. कागदाशी ताडून पाहिले, एकही कमी नव्हता. पुंजका दाराच्या दिशेने वळून शांतपणे चालला होता.

तिने खडू खाली ठेवला.

"भिवरा, मंजुळाला नेऊ नको. ती माझ्याजवळ राहील."