वीस मिनिटं

अटेन्शन स्पॅन म्हणजे काय, हे मी नव्या जीवरक्षकांना दरवर्षी एका वाक्यात शिकवतो. वीस मिनिटांनंतर डोळे बघत राहतात, पण डोकं बघायचं थांबतं. म्हणून तलावाकाठच्या उंच खुर्चीवर वीस मिनिटांच्या वर कोणाला बसवायचं नाही. नियम माझाच.

यंदाची नवी मुलगी भर वर्गात म्हणाली, "सर, माझं लक्ष तासभर टिकतं." माझ्या मस्तकात तिडीक गेली. हिला कायम करायचं की नाही हे माझ्या शेऱ्यावर, आणि बाईसाहेब मलाच शिकवणार!

शनिवारी तिला खुर्चीवर चढवलं आणि बदली पाठवलीच नाही. चाळिसाव्या मिनिटाला तिने हाक मारली, "सर, बदली?"

"का? तासभर टिकतं ना?"

बाकीचे तिघे जीवरक्षक फिदीफिदी हसले.

पन्नासाव्या मिनिटाला आम्ही सरावाचा रबरी पुतळा गुपचूप खोल पाण्यात सोडला आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. माझा थोरला भाऊ तेव्हा पोहत होता. छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनीच पोहायला सांगितलेलं. त्याने पाण्यातून मला हात केला. मी लक्ष दिलं नाही. ती ढिम्म बसून होती, आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

पाच मिनिटं मजा बघून मी खुर्चीखाली गेलो. "काय हुशार, तळाशी काय दिसतंय?"

तिने वाकून पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं. "सर, दोन दिसतायत."

उडी तिनेच मारली. भावाला वर काढलं, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिली. उपयोग झाला नाही.

चौकशीत तिघेही मूग गिळून बसले. ती खुर्चीवर बसून दहाच मिनिटं झाली होती, असं मी नोंदवहीत आधीच लिहून ठेवलं होतं. शेऱ्यात लिहिलं, लक्ष टिकत नाही. तिला काढलं.

महिन्याने वहिनीने विचारलं, "भावजी, किती वेळ बसली होती हो ती?"

"दहा मिनिटं."

"एवढंही लक्ष देता येईना मेलीला?" वहिनी रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. तिच्याकडेच बघत होतो."

तेवढं मात्र खरं होतं.